काळी ट्रंक उघडा, ती आजोबांच्या देखत

नाशिक रोड, देवळाली कॅम्प, भगूर, सिन्नर, निफाड या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत माळ्यावर नाहीतर पलंगाखाली एक काळी लोखंडी ट्रंक असते. झाकणावर पांढऱ्या रंगात सेना नंबर, रँक, नाव आणि युनिट रंगवलेलं. १९७१ च्या लढाईत विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे, आणि १९६५ पाहिलेले तर ऐंशीच्या पुढे गेले. ट्रंकेतला कागद ना कागद त्यांना पाठ असतो, घरातल्या दुसऱ्या कुणाला मात्र काहीच ठाऊक नसतं. ते गेल्यावर ट्रंक उघडली की आजींच्या हातात पिवळे पडलेले, इंग्रजीत टाइप केलेले कागद येतात आणि कोणता कामाचा आणि कोणता नाही हे सांगायला कुणी उरत नाही.

म्हणून हे काम आजोबा हयात असताना, त्यांच्या शेजारी बसून करायचं. एका रविवारी होत नाही, चार-पाच बैठका धरा. यातलं एकच काम करायला वेळ असेल तर ‘आजींचं नाव’ हा भाग आधी वाचा आणि तेवढं तरी उरका.

ट्रंकेत काय शोधायचं

पहिला कागद डिस्चार्ज बुक. भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख, रँक, ट्रेड, मेडिकल कॅटेगरी, मिळालेली पदकं आणि कुटुंबाची नोंद असं सगळं त्यात असतं. दुसरा पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. मूळ पीपीओसोबत पुढच्या वर्षांत आलेले दुरुस्ती पीपीओ असतात, त्यांना कॉर पीपीओ म्हणतात. ते कुठे कुठे पडलेले असतात, बँकेच्या जुन्या पासबुकातसुद्धा सापडतात. सगळे तारखेप्रमाणे लावा. शिवाय माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड, कॅन्टीन कार्ड, आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं प्रमाणपत्र (विम्याची मुदत त्याच्यावर असते, संपली का ते पाहा), लग्नाचा काही पुरावा आणि मुलांचे जन्मदाखले बाजूला काढा. निवृत्तीनंतर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डीएससीत, दुसरी नोकरी केलेली असेल तर त्याचे कागद वेगळे असतात. ते पहिल्या नोकरीच्या कागदांत मिसळू नका, कारण डीएससीचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय, हेही वेगळं, केरळात कन्नूरला आहे.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ लॅमिनेट करू नका. चांगल्या भावनेने केलेली ही सर्वांत वाईट गोष्ट. गरम प्लास्टिकखाली जुनी शाई पसरते, शिक्के पुसट होतात, कागद परत सुटा करता येत नाही, आणि पुढे त्यावर नवी नोंद करून घ्यायची झाली तर शिक्का मारायला जागाच उरत नाही. पारदर्शक फोल्डरमध्ये एकेक पान ठेवा. स्टेपलच्या गंजक्या पिना हळूच काढा, त्यांचा डाग वर्षभरात पानाच्या आरपार जातो. मग ३०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या, मोबाइलने काढायचे असतील तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून. डिस्चार्ज बुकचं कोरं दिसणारं पानसुद्धा घ्या, कारण पेन्सिलने लिहिलेला पार्ट टू ऑर्डरचा (लग्न, मुलं अशा नोंदींच्या लष्करी आदेशाचा) नंबर कित्येकदा तिथेच असतो. मात्र हे फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका. सेना नंबर, पीपीओ नंबर, जन्मतारीख आणि खाते क्रमांक एकत्र मिळाले की ठगाला आणखी काही लागत नाही.

शेवटी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ठळक अक्षरात लिहा: सेना नंबर, रँक, पूर्ण नाव, शेवटचं युनिट, रेकॉर्ड ऑफिस, ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीतला बारा अंकी पीपीओ नंबर, बँकेची शाखा. तो कागद देव्हाऱ्याच्या कपाटात किंवा आजींच्या पेटीत ठेवा. गावात निवृत्त फौजी म्हटला की तो ‘मेजर’च असतो, शिपाई म्हणून आलेलासुद्धा. हाक तशीच मारावी, तो मान त्यांचाच आहे. अर्जावर मात्र पीपीओवर आहे तीच रँक लिहा, नाईक तर नाईक, मानद नायब सुभेदार तर मानद नायब सुभेदार. रँक जुळली नाही की अर्ज परत येतो.

आजींचं नाव

आजोबांच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन आजींना मिळणार ते त्यांचं नाव आणि जन्मतारीख लष्कराच्या नोंदीत जशी असेल तशी. अडचण इथेच येते. नोंद पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. लग्न झाल्यावर जवानाने कंपनी ऑफिसात तोंडी सांगितलं, उत्तरेकडच्या क्लार्कने त्याच्या कानाला आलं तसं इंग्रजीत लिहिलं. सासरी नाव बदललं, नोंदीत माहेरचं राहिलं. कुठे ‘पार्वती’ आहे, कुठे ‘पार्वतीबाई’. आधारवर पार्वती दत्तू अमुक, पीपीओवर नुसतं पार्वती देवी, कारण लिहिणाऱ्याच्या प्रांतात बायकांच्या नावापुढे देवी लावायची पद्धत. जन्मतारखेची जागा तर बहुतेकदा रिकामीच. शाळेत नाव घालताना ज्यांची तारीख ठाऊक नव्हती त्यांना सरसकट १ जून लावला गेला, आणि आजी शाळेत गेल्याच नसतील तर तेवढाही पुरावा नाही.

आजोबा हयात असताना ही दुरुस्ती दोघांच्या सहीने होते. ते गेल्यावर तीच दुरुस्ती करायला प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार, कधी न्यायालयाचा दाखला, आणि तोवर आजींच्या हातात एक पैसा नाही.

असं करा. आजींचं आधार, पॅन, बँकेचं पासबुक, मतदार ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड, पीपीओ आणि डिस्चार्ज बुक टेबलावर ओळीने मांडा. प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर वहीत उतरवा, स्पेलिंगसकट. शेजारी जन्मतारीख. कुठे काय वेगळं आहे ते एका नजरेत दिसेल. आधी आधार, पॅन आणि बँक ही तीन सारखी करून घ्या, कारण पुढची दुरुस्ती त्यांच्या आधारावर मागायची आहे. आधी लष्करी नोंद बदलून नंतर आधार बदललंत तर चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथले लोक अर्जाचा नमुना देतात आणि रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा मार्ग सांगतात. साधारण लागतं ते हे: आजोबांच्या सहीचा अर्ज, दोघांचा एकत्र फोटो, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र, आधार-पॅनच्या साक्षांकित प्रती, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकच्या प्रती, खात्याचा पुरावा. रेकॉर्ड ऑफिस नोंद दुरुस्त करतं, तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जातं आणि दुरुस्त पीपीओ निघतो. अर्ज कधीही साध्या पोस्टाने पाठवू नका, स्पीड पोस्टची पावती अर्जाच्या झेरॉक्सलाच टाचा.

कुठलं रेकॉर्ड ऑफिस, हे युनिटवरून ठरतं. तोफखान्याचं आपल्या नाशिक रोड कॅम्पातच आहे, त्यामुळे इथल्या गनर कुटुंबांना पायपीट कमी. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलाचं) सिकंदराबादला. नौदलाच्या नाविकांचं मानखुर्दला, वायुसेनेच्या जवानांचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. नाशकात राहतो म्हणून सगळ्यांनी तोफखान्याच्या दारात जाऊन उपयोग नाही, नोंद जिथली तिथेच बदलते.

घरात दिव्यांग मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांचं नावही आजोबांच्या हयातीतच नोंदवा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासह नोंद झाली तर आई-वडिलांच्या माघारी त्या मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. विधवा किंवा घटस्फोटित होऊन माहेरी परतलेल्या, आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या लेकीचाही हक्क नियमात आहे. या दोन नोंदींबाबत घरात बोलायलाच संकोच होतो आणि वर्षं निघून जातात. आजोबांनाच सांगा, ते फौजी आहेत, कामाचं बोलणं त्यांना कळतं.

हयातीचा दाखला

संरक्षण खात्याचं पेन्शन आता ‘स्पर्श’ या प्रणालीतून थेट खात्यात येतं. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, बहुतेकांचा महिना नोव्हेंबर. वय ८० पूर्ण असेल तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि तो महिना घ्यावाच. नोव्हेंबरात निफाड-सिन्नरकडची सकाळची थंडी आणि बँकेतली रांग, दोन्ही ऐंशीच्या माणसाला झेपणारी नाहीत.

घरून करायचा असेल तर चांगल्या कॅमेऱ्याच्या मोबाइलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अॅप घ्या. आधी ऑपरेटर म्हणून मुलाने किंवा नातवाने स्वतःचा आधार नंबर घालून चेहरा दाखवायचा, मग आजोबांची माहिती भरायची. पेन्शनचा प्रकार सर्व्हिस, आजींच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी फॅमिली. मंजुरी देणारं कार्यालय डिफेन्स, पीसीडीए पेन्शन्स, म्हणजे प्रयागराजचं तेच पेन्शन कार्यालय. पैसे देणारी संस्था निवडताना जिथे ‘स्पर्श’ लिहिलं आहे तोच पर्याय घ्या. इथेच सर्वांत जास्त चुका होतात: पासबुक बँकेचं म्हणून लोक बँकेचं नाव निवडतात, दाखला तयार होतो, प्रमाण आयडी (दाखल्याचा नंबर) हाही येतो, पण तो बँकेकडे जातो आणि स्पर्शमध्ये काहीच नोंद होत नाही. दोन-तीन महिन्यांनी पेन्शन थांबलं की कळतं.

चेहरा घेताना चष्मा आणि कानटोपी काढा. उजेड समोरून हवा, खिडकीकडे पाठ केली तर चेहरा काळा येतो. पापणी लवली की फोटो घेतला जातो. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या दिवसांत प्रयत्न करू नका. बोटांच्या ठशांचा हट्टही नको, उतारवयात आणि शेतीकाम केलेल्या हातांवर रेषा उरत नाहीत आणि मशीन दहा वेळा नाही म्हणतं. अगदीच जमलं नाही तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत दाखला काढून देतो, सेवा केंद्रातही होतो. दाखला दिल्यावर आठवड्याने स्पर्शच्या खात्यात जाऊन तो स्वीकारला गेल्याचं पाहा आणि प्रमाण आयडी वहीत लिहून ठेवा.

स्पर्शच्या खात्यात शिरलात की माहितीचं पान पूर्ण तपासा: नाव, जन्मतारीख, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, रँक, ग्रुप, पात्र सेवा, मूळ पेन्शन, पत्नीचा तपशील. जुन्या पीपीओवरून माहिती भरताना यातलं काहीही चुकलेलं असू शकतं, आणि पात्र सेवेचे महिने कमी लागले तर वन रँक वन पेन्शनच्या (समान रँक, समान सेवा, समान पेन्शन) तक्त्यातली रक्कमही चुकते. तो तक्ता १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि दर पाच वर्षांनी, म्हणजे २०१९ आणि २०२४ ला, नव्याने बसवला गेला. रँक, ग्रुप आणि सेवेची वर्षं हाताशी घेऊन तक्त्यातला आकडा आणि खात्यातला आकडा ताडून पाहायला अर्धा तास पुरतो.

‘दाखला अपूर्ण आहे, ओटीपी सांगा’ असा फोन येतो, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूसही दिसतो. फौजीला वर्दीचा धाक नसतो, आदर असतो, आणि ठग त्याचाच फायदा घेतात. एक नियम घरात पक्का करा: पेन्शनच्या कोणत्याही फोनला ‘मुलाला विचारून सांगतो’ एवढंच उत्तर. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

वयाप्रमाणे वाढ, आणि ज्यांना पेन्शनच नाही

८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हेच लागू. जन्मतारीख नोंदलेली असेल तर वाढ आपोआप लागते. आजींच्या तारखेची रिकामी जागा इथे पुन्हा आडवी येते: ८३ वर्षांच्या आजी ८० ची वाढ न घेता राहतात, कारण त्यांचं वय कुणाला ठाऊकच नाही.

पंधरा वर्षं न भरता परतलेल्या जवानांना पेन्शन नाही. लढाईत होते, पदक आहे, पण दरमहा काही नाही, अशी माणसं आपल्याकडे आहेत आणि ती मागायला जात नाहीत. हवालदार रँकपर्यंतचे, ६५ च्या पुढचे, पेन्शन आणि नियमित उत्पन्न नसलेले माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अनुदान आहे. ते महिना ४,००० होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० रुपये केलं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच. शेजारी असे कुणी आजोबा असतील तर त्यांना गाडीवर बसवून घेऊन जा.

घरपट्टीचं एक. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिकांना एका घरापुरती मालमत्ता करातून सूट दिली. सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही. आणि माजी सैनिक म्हणून शासनाकडून जमीन मिळालेली असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आहे का ते बघून ठेवा. तशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, भाऊबंदांत वाटणीची बोलणी करण्याआधी हे माहीत हवं.

दवाखाना

ईसीएचएस २००३ पासून आहे. आजोबांचं कार्ड वेगळं, आजींचं वेगळं. वाटेत हरवेल म्हणून दोन्ही एका पाकिटात ठेवून घरीच सोडून जाण्याची सवय मोडा. नेहमीच्या आजारासाठी साधारणपणे आधी पॉलिक्लिनिक, म्हणजे ईसीएचएसचा दवाखाना, तिथून रेफरल, मग पॅनेलवरचं, म्हणजे योजनेच्या यादीतलं, रुग्णालय किंवा देवळालीचं मिलिटरी हॉस्पिटल. औषध पॉलिक्लिनिकात नसेल तर चिठ्ठीवर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा घेतल्याशिवाय बाहेरून घेऊ नका, शेरा नसेल तर पैसे परत मिळत नाहीत.

रात्री छातीत दुखलं तर रेफरलची वाट पाहायची नाही. पॅनेलवरचं रुग्णालय असेल तर कार्ड दाखवा, पॉलिक्लिनिकला कळवायचं काम त्यांचं. जवळचं रुग्णालय पॅनेलवर नसेल तरी तिथेच दाखल करा, जीव आधी. पण ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला तुम्ही कळवायचं. तोंडी नव्हे, लेखी किंवा ऑनलाइन, पोच घेऊन. हे ४८ तास चुकले म्हणून लाखालाखाची बिलं अडकलेली आहेत. डिस्चार्जच्या वेळी मूळ बिलं, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज समरी आणि ‘इमर्जन्सी होती’ असं रुग्णालयाचं प्रमाणपत्र घ्या, नंतर मागायला गेलात तर फेऱ्या होतात. परतावा सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, दराने मिळतो, पूर्ण बिलाची अपेक्षा ठेवू नका. पॅनेलची यादी बदलत असते, म्हणून दर सहा महिन्यांनी नवी यादी पॉलिक्लिनिकातून घेऊन फ्रिजवर लावा.

कान

देवळालीच्या तोफखान्यातल्या माणसांच्या घरात टीव्हीचा आवाज मोठा असतो. तोफेच्या धमाक्याने आतल्या कानातल्या बारीक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज, म्हणजे स, श, त, थ, क, फ. म्हणून आजोबांना आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही. ‘सात’ आणि ‘आठ’ त्यांना सारखेच. नातीचा बारीक आवाज कळत नाही, मुलाचा जाड आवाज कळतो, आणि घरातले म्हणतात की हवं तेवढंच ऐकतात. तसं नाही. ओरडू नका, ओरडल्यावर पट्टी आणखी वर जाते. समोर बसा, पंखा आणि टीव्ही बंद करा, तोंडावर उजेड येऊ द्या, खालच्या पट्टीत आणि सावकाश बोला. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगा.

श्रवणयंत्र कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ईसीएचएसमार्फत, ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतं. ते पहिल्या दिवशी दिवसभर घालू नका. पहिला आठवडा रोज एक-दोन तास, शांत खोलीत. मग जेवताना, मग बाहेर. एकदम लग्नाच्या हॉलमध्ये घालून नेलं की ते कायमचं डबीत जातं.

पदकं

पदक ओळखायचं तर कडेकडे बघा. गोल पदकाच्या कडेवर सेना नंबर, रँक आणि नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं. १९६५ च्या लढाईसाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. पूर्वी म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या आघाडीवर, पश्चिमी म्हणजे पंजाब, राजस्थान, काश्मीरच्या बाजूला. डिस्चार्ज बुकमध्ये नोंद आहे पण पदक पेटीत नाही, असंही होतं. सुट्टीवर होते, बदली झाली, घ्यायचं राहून गेलं. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून ते मागता येतं.

पदक चिंचेने, राखेने किंवा भांडी घासायच्या पावडरने घासू नका. दसऱ्याला तांब्याच्या भांड्यांबरोबर पदकं घासली जातात आणि चार-पाच दसऱ्यांत कडेवरचं नाव जातं. नाव गेलेलं पदक हे नुसतं धातूचं चकतं. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा, बस्स. रिबन धुऊ नका, रंग एकमेकांत उतरतात. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढा, ते प्लास्टिक काही वर्षांनी चिकट होतं आणि धातूवर हिरवी पुटं चढतात. धुतलेल्या मलमलीच्या कापडात एकेक गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यानंतर पुडी बदला. जुने कृष्णधवल फोटोही तसेच सांभाळा, आणि अल्बममधून ओढून काढू नका. चिकटले असतील तर पानासकट स्कॅन करा. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, अक्षर पुढे उमटतं. मऊ पेन्सिलने, कडेला, कोण कुठे कधी. आजोबा सांगतील तसं आजच लिहा, तीस जणांच्या ग्रुप फोटोतली नावं त्यांच्याखेरीज कुणालाच येत नाहीत.

गणवेशाच्या जागी ब्लेझर घालून कार्यक्रमाला जाताना पदकं छातीच्या डाव्या बाजूला. वारसाने त्यांची पदकं लावायची तर उजव्या बाजूला.

आठवणी कशा घ्यायच्या

मोबाइलचं रेकॉर्डिंग पुरेसं आहे. विमान मोड लावा, नाहीतर मधेच फोन येऊन फाइल तुटते. त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, रुमालाच्या घडीवर मोबाइल ठेवा. टेबलावर नुसता ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात येतो. सकाळची वेळ घ्या, चहानंतरची. ४० मिनिटांच्या वर नको. सुरुवातीला तारीख, जागा, त्यांचं नाव आणि युनिट मोठ्याने बोला.

‘लढाईत काय झालं ते सांगा’ या प्रश्नाला ‘काय सांगायचं, झालं ते झालं’ एवढंच उत्तर येतं. हाताला धरता येईल असं विचारा. भरतीला घरून कसे निघालात, पायात काय होतं? पहिला पगार किती, घरी मनीऑर्डर किती? लंगरात काय मिळायचं, भाकरीची आठवण कधी यायची? तोफेवर तुमचा नंबर कितवा, शेजारचा कोण? पत्र किती दिवसांनी यायचं, त्यावर छप्पन्न एपीओ (लष्करी टपाल कार्यालयाचा नंबर) असायचं की नव्याण्णव? नव्याण्णव म्हणाले की पूर्वेकडे होते हे तुम्हाला कळतं आणि पुढचा प्रश्न सुचतो. नकाशा आणि त्यांचेच फोटो समोर ठेवा. तारखा चुकतील. मधे दुरुस्त करू नका, डिस्चार्ज बुकवरून नंतर जुळवा.

किती मारले, असं कधीही विचारू नका, आणि नातवंडांनाही आधी सांगून ठेवा. गेलेल्या साथीदाराचं नाव आलं आणि ते थांबले तर रेकॉर्डिंग चालू ठेवून गप्प बसा, किंवा बंद करून हात धरून बसा. पुन्हा त्या जागी ओढून नेऊ नका. दिवाळीच्या फटाक्यांना दचकणं, रात्री ओरडत उठणं, जेवण सुटणं असं दिसलं तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. मनोविकारतज्ज्ञाला दाखवा, उपचार पंच्याहत्तरीतही लागू पडतात. आजींनाही एक बैठक द्या, वेगळी. वर्षानुवर्षं पत्राच्या भरवशावर घर चालवलं त्या बाईकडे निम्मी हकीकत असते.

ते गेल्यावर

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. शहरात महापालिका, देवळालीच्या हद्दीत कॅन्टोन्मेंट बोर्ड, गावात ग्रामपंचायत. अमरधामातली पावती जपा. दाखल्यावरचं नाव पीपीओप्रमाणेच लिहून घ्या आणि आठ-दहा प्रती काढा. रामकुंडावरचे विधी आटोपले की लगेच स्पर्शमध्ये किंवा सेवा केंद्रातून मृत्यू कळवा, सोबत रेकॉर्ड ऑफिस आणि बँक. त्यांच्या जाण्यानंतरच्या दिवसांचं पेन्शन खात्यात आलं असेल तर त्याला हात लावू नका, ते वसूल होतं आणि आजींच्या पहिल्याच पेन्शनमधून कापलं जातं. पीपीओवर आजींचं नाव आधीच नीट असेल तर मृत्यूचा दाखला, आजींचं आधार-पॅन, खातं आणि त्यांचा हयातीचा दाखला एवढ्यावर काम होतं. खातं दोघांचं जोडखातं असेल तर तेच चालू राहू शकतं.

आजोबांचं ईसीएचएस आणि कॅन्टीन कार्ड जमा करून आजींच्या नावाने करून घ्या, सैनिक कल्याण कार्यालयातून त्यांचं ओळखपत्र काढा, घरपट्टीची सूट त्यांच्या नावाने चालू ठेवायला अर्ज द्या. आजोबांच्या मोबाइलवर हयातीच्या दाखल्याची जी आठवण लावलेली असेल, ती आता आजींच्या नावाने लावा.